बीपी नॉर्मल, मग हायपरटेन्शन कसलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोसायटीत, लग्नकार्यात, कुठेही गाठ पडली की कोणीतरी म्हणतंच, ‘‘काका, तुमचं बीपी तर १२०/८०, मग हे हायपरटेन्शन कसलं?’’

दंडाला पट्टा गुंडाळून मोजतात ते हृदयाच्या डाव्या बाजूचं काम. माझी भानगड उजव्या बाजूची. उजवा कप्पा रक्त फक्त फुफ्फुसात पाठवतो आणि तिथलं प्रेशर मुळातच कमी, सरासरी १४ मिलिमीटरच्या आसपास. ते २० च्या वर गेलं की पल्मनरी, म्हणजे फुफ्फुसातलं, हायपरटेन्शन. थोडक्यात पीएच. पूर्वी ही रेघ २५ वर होती. पट्ट्याला यातलं काहीच कळत नाही.

मला आधीपासून सारकॉइडोसिस, म्हणजे शरीरात ठिकठिकाणी सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार. छातीत गाठी दिसल्या की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तसा तो घ्यायलाही हवा. माझ्या बाबतीत बायोप्सीने ते मिटवलं. पुढे फुफ्फुसात फायब्रोसिस झाला, म्हणजे मऊ जागी व्रण. त्या व्रणांत बारीक रक्तवाहिन्याही नष्ट होतात, आणि ऑक्सिजन कमी पडला की उरलेल्या आकसतात. इथपर्यंत आयएलडीच्या (फुफ्फुसाच्या जाळ्यात सूज किंवा व्रण होणाऱ्या आजारांच्या) बऱ्याच पेशंटांची कथा सारखीच. पण सारकॉइडोसिसच्या खोड्या जास्त. त्याचे ग्रॅन्युलोमा, म्हणजे त्याच बारीक गाठी, थेट वाहिन्यांच्या भिंतीत बसतात, छातीतल्या सुजलेल्या लिम्फच्या गाठी मोठ्या वाहिनीला बाहेरून दाबतात, कधी आजार हृदयाच्या स्नायूतही शिरतो. म्हणून वर्गीकरणात फुफ्फुसाच्या आजारांचं पीएच तिसऱ्या गटात, तर सारकॉइडोसिसचं पाचव्या. पाचवा गट कारण नक्की नसलेल्यांचा किंवा अनेक कारणं असलेल्यांचा, म्हणजे, माझ्या मते, डॉक्टरांनी प्रामाणिकपणे वर केलेले हात.

सापडलं कसं? सीटी होता तसाच, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारायची टेस्ट, तीही फारशी हललेली नाही, आणि दम मात्र वाढत चाललेला. वजन, वय, ‘व्यायाम नाही तुम्हाला’ हे सगळं ऐकून झालं. मग डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो त्याचं माप, घसरलेला दिसला आणि सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट झाली. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना केशरी कोन, बोटाला ऑक्सिमीटर. टेक्निशियन ताईंची तंबी, ‘‘बोलायचं नाही, धावायचं नाही. दम लागला तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही.’’ बसल्या जागी ९४ असलेलं सॅच्युरेशन चालताना ८४ वर आलं.

इकोत प्रेशर वाढलेलं दिसलं. पण इको अंदाज देतो, आणि खराब फुफ्फुसांत तो अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. खरा आकडा उजव्या बाजूच्या कॅथेटरने कळतो. मानेतल्या शिरेतून बारीक नळी थेट फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. भूल फक्त मानेपुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत असतं. टोकाचा छोटा फुगा फुगवून डाव्या बाजूचं प्रेशरही बघतात, कारण दोष तिकडचा असेल तर उपचारच बदलतात.

मग लोक म्हणतात, बीपीचीच गोळी घ्या की! ती इथे चालत नाही. वाहिन्या सरसकट सैल झाल्या तर रक्त फुफ्फुसाच्या निकामी भागातही धावतं आणि ऑक्सिजन आणखी पडतो. पीएचची खास औषधंही जपूनच. त्यातल्याच रिओसिग्वॅटचा एक अभ्यास आयएलडीच्या पेशंटांना अपाय दिसल्याने मध्येच थांबवावा लागला. मला आधी ऑक्सिजन लावला, आणि कॅथेटरचे आकडे आल्यावर सिल्डेनाफिल. तीच व्हायग्रावाली गोळी, जिचं नाव वाचून मेडिकलवाला चष्म्यावरून बघतो. दिवसातून तीनदा घेतो म्हटल्यावर तर विचारूच नका.

अमेरिकेत २०२१ मध्ये आयएलडीच्या पीएचसाठी श्वासावाटे घ्यायच्या ट्रेप्रोस्टिनिलला मान्यता मिळाली. त्या अभ्यासात ३२६ पेशंट होते आणि नकली औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत खरं औषध घेणाऱ्यांचं सहा मिनिटांतलं चालणं सरासरी ३१ मीटरने जास्त सुधारलं. मुलाने वाचून दाखवलं आणि म्हणाला, ‘‘एवढंच?’’ म्हटलं, बाबा, ती त्या कॉरिडॉरची पूर्ण एक बाजू झाली.