हक्कसोडपत्र आणि विपश्यना

इगतपुरीहून विपश्यनेचं ध्यानशिबिर करून परतल्यावर काही महिन्यांनी आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "पूर्वी भांडायचीस तरी. आता नुसती डोळे मिटून बसतेस." मला हसू आलं आणि रागही आला. राग आल्याचं कळताक्षणी मी सवयीने नाकाखालच्या, वरच्या ओठावरच्या जागेकडे लक्ष नेलं. राग ओसरला, आणि मी कप उचलून आत गेले. त्यांची तक्रार नेमकी याचीच होती.

मी नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब बघते. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, 2012 साली गेले. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी भाऊने ओसरीवर कागद मांडले. हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा आम्ही बहिणी सोडतोय असा दस्त. धाकटीने आधीच सही केली होती. मी पेन हातात धरून बसले होते तेव्हा आई माजघरातून म्हणाली, "कर बाई सही. लेकीबाळींनी माहेरचं घेऊ नये." केली. पुढे निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठाही झाला. येताना भाऊने आम्हा दोघींना मिसळ खाऊ घातली, तीही खाल्ली.

कायदा ठाऊक नव्हता असं नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, ही दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली, देशभर ती 2005 मध्ये आली. मी हिशेबातली बाई, कागद वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या कर्जावर सही करत नाही. पण ओसरीवर कायदा कुणी काढत नाही. काढला तर माहेर तुटतं, ही भीती प्रत्येकीला असते, आणि ती खोटी नसते.

त्यानंतर केव्हातरी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. गिळताना त्रास नाही, जेवण उतरायचं, पण मधल्या वेळात सुपारीएवढं काहीतरी तिथे बसलेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, थायरॉइड झाली, पित्ताच्या गोळ्या झाल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." हे वाक्य ऐकून टेन्शन कमी झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

विपश्यनेकडे मी गेले ती या घशामुळे. अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हती. तिथे गेल्यावर कळलं की ही साधना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींची सुरुवातही दुखण्यापासूनच झाली होती. ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेला मारवाडी व्यापारी, अर्धशिशीने हैराण, मॉर्फिनची इंजेक्शनं चाललेली. 1955 साली ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असशील तर येऊ नकोस, मनाचा मळ काढायला येत असशील तर ये, असा त्याचा आशय. हे ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. आमच्या धंद्यातला माणूस हा, म्हणून मला उगाच जवळचा वाटला. पुढे 1969 मध्ये गोएंका भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली.

दहा दिवसांच्या शिबिराबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं. चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी मुरमुरे आणि फळ, बोलायचं नाही, फोन जमा. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, आणि मग दिवसातून तीन वेळा तासभर हलायचं नाही, त्याला अधिष्ठान म्हणतात. मौनाचा मला त्रास झाला नाही. सासरी बरीच वर्षं काढलेल्या बाईला मौनाचं काय कौतुक!

सांगण्यासारखं आहे ते पुढचं. लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, जिथे जी संवेदना असेल ती बघायची, तिला ढकलायचं नाही की धरून ठेवायचं नाही. कपाळ, गाल, हनुवटी सगळं ठीक, आणि घशाशी आलं की लक्ष पुढेच सरकेना. पावसाळा होता, धम्म हॉलच्या पत्र्यावर धो धो वाजत होतं, आणि मी त्या सुपारीकडे बघत बसले. बघता बघता ती एकसंध राहिली नाही. कडेला जळजळ, मध्ये ताण, खाली छातीकडे उतरणारी थरथर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, का ते कळेना. दुपारच्या वेळेत सहायक आचार्यांना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या की येऊ दे, बघत राहा, हेही अनित्य आहे, म्हणजे कायम राहणारं नाही. अस्वस्थ शरीराशी तासभर पळून न जाता बसता येतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे समजलं. हे ऋण मी मानते. पैसे घेत नाहीत, शिबिर झाल्यावर वाटलं तर दान द्यायचं, हेही मला फार आवडलं.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ बसत राहिले. झोप सुधारली. कार्यालयात आवाज चढेनासा झाला. घसाही मोकळा वाटायचा. मग भाऊबीज आली. ओवाळलं, भाऊने तबकात साडी ठेवली, वहिनी म्हणाली, "यंदा भारीतली घेतलीय हं," आणि सुपारी होती तिथे परत. मी लगेच आतल्या आत अनित्य, अनित्य सुरू केलं. परतीच्या बसमध्ये मात्र वाटलं की हे आपण त्या सस्पेन्स खात्यासारखं करतोय. नोंद कुठली ते कळत नाही म्हणून तिथे टाकायची, जमा-नावेची तेरीज जुळते, ऑडिटरसुद्धा त्या दिवशी काही बोलत नाही, पण रक्कम तिथेच.

जॉन वेलवुड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1984 च्या सुमाराला याला 'स्पिरिच्युअल बायपासिंग' म्हटलं. साधनेच्या आधाराने जुनी, दुखरी, न सुटलेली प्रकरणं टाळत राहायचं, असा त्याचा अर्थ. ते स्वतः ध्यान करणारे होते, त्यामुळे ही टीका बाहेरच्याची नव्हे. आपल्याकडे तर हे टाळणं पुण्याईत जमा होतं. "तिचं बघ, किती शांत झाली," असं म्हणतात, आणि वाट्याचा विषय काढावा लागत नाही म्हणून सगळ्यांनाच बरं वाटतं.

समुपदेशनाला जायचं ह्यांनीच सुचवलं. मॅडम नाशिकमधल्याच, माझ्याहून लहान, अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत वापरणाऱ्या, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासायला लावणाऱ्या. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. मी समोर बसून व्यवस्थित सांगितलं की भाऊबद्दल माझ्या मनात आता काही नाही, मी रोज मंगल मैत्री करते, म्हणजे ध्यानाच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंतते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मैत्री नंतर. आधी राग कशाचा आला ते सांगा." मी पुन्हा श्वासाकडे. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "आत्ता कुठे गेलात? घशात काय चाललंय?" मी सांगितलं, आवळलाय. "मग तिथेच राहा, आणि आवळलेल्या घशाने बोला."

बोलले. भाऊबद्दल सुरुवात झाली आणि गाडी आईवर येऊन थांबली. जमीन भाऊने घेतली याचा राग होताच, पण त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. आईने एकदा, फक्त एकदा, "राहू दे रे, तिला विचार तरी" म्हणायला हवं होतं. आईचा राग येणं हे मी स्वतःला कधी परवडूच दिलं नव्हतं. जागा मला इगतपुरीत सापडली होती, नाव इथे सापडलं. नुसत्या संवेदना बघून हे नाव मला सापडलं असतं असं वाटत नाही. आणि मौनातली सवय नसती तर त्या खुर्चीत, गळा आवळलेला असताना, मी पाच मिनिटंही टिकले नसते. उठून पाणी प्यायला गेले असते, किंवा विनोद केला असता.

भावनेला शब्द दिला की तिचा जोर उतरतो, याचा मेंदूच्या स्कॅनवरचा पुरावाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या मॅथ्यू लीबरमन यांचा 2007 चा अभ्यास त्यावरचाच. ध्यान आणि विचारांवरचं काम एकत्र बांधलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमही आहे, सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांचा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी. मी तो केलेला नाही. माझी पद्धत घरगुती आहे. विपश्यनेत दुसरं काही मिसळायचं नाही, हा गुरुजींचा दंडक मी पाळते, बसणं शिकवलं तसंच असतं. उठल्यावर मात्र एक वही घेते. शरीरात कुठे अडलं, त्या वेळी कोण डोळ्यांसमोर आलं, आणि त्या माणसाने काय करायलाच हवं होतं असा माझा हट्ट आहे, एवढंच लिहिते. एलिसबाबा सगळं भांडण त्या हट्टाशी करतात. 'आईने माझी बाजू घेतली असती तर मला आवडलं असतं' आणि 'घ्यायलाच हवी होती, नाही घेतली म्हणजे मी तिची कुणीच नाही', यांच्यात माझी बरीच वर्षं गेली.

एक गोष्ट मात्र खटकते म्हणून लिहितेच. घरात कुणी नुकतं गेलंय, कुणाला आत्महत्येचे विचार येतायत, कुणाच्या गोळ्या चालू आहेत, तरी नातेवाईक सर्रास सांगतात, "दहा दिवस इगतपुरीला जाऊन ये, सगळं निघून जाईल." शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं. ते विनाकारण नाही, तिथे खरं लिहावं. दहा दिवस सगळे बाहेरचे आधार काढून घेतल्यावर आत जे वर येतं ते प्रत्येकाला झेपेलच असं नाही. त्या वेळी आधी डॉक्टर. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि बायकांसाठी आणखी एक. मन मोकळं झालं म्हणजे हक्क सोडलाच पाहिजे असं नाही. मी वकिलालाही भेटले. दस्त रद्द करून मागायची मुदत साधारण तीन वर्षांची, ती केव्हाच टळली होती, आणि जबरदस्ती झाली हे सिद्ध करणंही अवघड, कारण ओसरीवर कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. जमीन गेली ती गेली. मामेबहिणीच्या मुलीला मात्र मी सांगून ठेवलंय की तेराव्याच्या आसपास कुठल्याच कागदावर सही करायची नाही, दुःख उतरू दे, मग काय द्यायचं ते हसत दे.

यंदाच्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आईशी बोलले. भाऊ बागेत होता. आई ऐंशीच्या पुढची, ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे हळुवारपणे वगैरे काही बोलता आलं नाही, जवळजवळ ओरडूनच सांगावं लागलं की त्या दिवशी तू माझ्या बाजूने बोलायला हवं होतंस. घसा आवळला होता. मी बघत होते आणि बोलतही होते. आई बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "मी काय बोलणार होते गं? मला तर माझ्या भावांनी कागदही दाखवला नव्हता."

तिचं माहेर येवल्याकडचं. तिथे किती जमीन होती हे तिला आजही माहीत नाही. आता आमचं फोनवर तेच चाललंय. गट नंबर कळत नाही, आजोबांच्या नावाने ऑनलाइन सातबारा शोधतेय, आडनावाचे तीन-चार खातेदार निघतात. तिला वाटा नकोय, तिला फक्त बघायचाय. प्रिंट काढून आण म्हणाली, मोबाइलवर दिसत नाही.