गम खा, गम मखोर

२१ डिसेंबर २०१७, गुरुवार. शिराजबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं बनवणारं आमचं ब्लिस्टर मशीन बसवण्यासाठी मी गेलो होतो, त्याचा हा नववा दिवस. इराणात शुक्रवारची सुट्टी आणि गुरुवारी अर्धा दिवस काम. त्यात त्या रात्री यल्दा होती, वर्षातली सगळ्यात लांब रात्र. प्रत्येकाला दुपारनंतर घर गाठायचं होतं, आणि माझं मशीन सलग तिसऱ्या दिवशी लीक टेस्टला नापास होत होतं.

गोळ्यांचं पाकीट नीट बंद झालंय का, हे तपासायची पद्धत साधी आहे. निळ्या पाण्यात पाकिटं बुडवायची, भांड्यातली हवा ओढून घ्यायची, थोड्या वेळानं सोडायची आणि पाकिटं पुसून पाहायची. ज्या कप्प्यात निळं पाणी शिरलं, तो फुटका. आमचा फुटका कप्पा ठरलेला होता, उजव्या कडेचा शेवटचा. बाकी सगळे कोरडे. तापमान वाढवून पाहिलं, वेग कमी करून पाहिला, फॉइलचा रोल बदलला. तो एक कप्पा निळा तो निळाच. पुण्यात ट्रायल घेतली तेव्हा हेच मशीन अर्धा दिवस एकही पाकीट न गळता चाललं होतं. पुण्याहून फोनवर फोन येत होते.

तिथल्या मेंटेनन्सला साठीच्या घरातले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना ‘ओस्ता’ म्हणत. उस्तादचं बोलीतलं रूप. आपल्या तालमीतला वस्ताद त्याच घरचा. मला ते ‘आगा मोहंदेस’ म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर साहेब. रोज सकाळी भेटले की छातीवर हात ठेवून म्हणायचे, ‘खस्ते नबाशीद.’ पहिले दोन दिवस मला वाटलं, माझी हालत खस्ता दिसतेय असं सांगताहेत. क्वालिटी विभागातल्या मुलीनं, जी माझी दुभाषी होती, तिसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं, ‘थकू नका’ असा त्याचा अर्थ. काम करणाऱ्या माणसाला तिकडे असाच नमस्कार करतात.

मी सोलापूरचा. वडील मिलमध्ये होते. फारसीचं एक अक्षर कधी शिकलो नव्हतो, पण त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून मला घरच्यासारखं वाटत होतं. कारखान्याला ते ‘कारखाने’ म्हणतात, बंद पडलेल्या यंत्राला ‘खराब’, बरोबर असेल तर ‘दुरुस्त’, पडद्याला ‘पर्दे’. गरम, नरम, बंद, हजार. मला वाटायचं, अर्धी भाषा तर मला येतेच. या भ्रमाचा फटका त्या गुरुवारी सकाळी बसला. मला नाही, ओस्तांना.

पाकीट दाबून बंद करणाऱ्या सीलिंग प्लेटला चार खांब असतात. ओस्ता आदल्या दिवसापासून मागच्या उजव्या खांबावर हात ठेवून एकच शब्द म्हणत होते, ‘शोल. शोल.’ तो माझ्या ओळखीच्या शब्दांत नव्हता, म्हणून मी तो कानाआड केला. दुभाषी मुलगी प्रयोगशाळेत गेलेली होती, आणि तिला बोलावून विचारावं एवढाही धीर माझ्यात नव्हता. गुरुवारी सकाळी पुन्हा निळा कप्पा निघाला तेव्हा ओस्ता स्पॅनर घेऊन त्या खांबापाशी वाकले आणि मी ओरडलो. हात लावू नका, हे मशीन आमचं आहे, असं काहीसं, इंग्रजीत आणि बरंचसं मराठीत. शब्द त्यांना कळले नसतील, पण स्वर कळायला भाषा लागत नाही. दहा-बारा माणसांसमोर त्यांनी स्पॅनर ट्रॉलीत ठेवला, हातमोजे काढले आणि शांतपणे म्हणाले, ‘खस्ते नबाशीद, आगा मोहंदेस.’

त्या वेळी मी उत्तरही दिलं नाही.

अकराच्या सुमारास सगळे कँटीनमध्ये जमले. यल्दानिमित्त एका लांब टेबलावर सोललेली डाळिंबं, सुकामेवा आणि चक्क कलिंगड मांडलं होतं. या रात्री कलिंगड खाल्लं की पुढचा उन्हाळा बाधत नाही म्हणतात. मी कोपऱ्यात बसलो तर ओस्तांनीच माझ्यासमोर चहा आणून ठेवला, काडीवरची खडीसाखर घातलेला. मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक लहानसं पुस्तक काढलं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, मधली काही पानं शिवणीतून सुटलेली. हाफिजचा दीवान, म्हणजे त्याच्या गझलांचा संग्रह. ते ‘हाफेज’ म्हणतात.

यल्दाच्या रात्री घरोघर हाफिजचा फाल काढतात. इथे सगळे घरी पांगणार होते म्हणून दिवसाच काढायचं ठरलं होतं. मनात एक इच्छा धरायची, डोळे मिटून पुस्तक उघडायचं, आणि जी गझल समोर येईल ती आपलं उत्तर. ओस्तांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. ‘नियत कोनीद.’ नियत धरा. एवढं कळलं. माझी नियत एका ओळीची होती. पुस्तक बंद असताना ते स्वतः पुटपुटले, ‘ऐ हाफेजे शिराजी, तो महरमे हर राजी’. हे शिराजच्या हाफिजा, तू प्रत्येक गुपिताचा सांगाती. मी बोट घालून पान उघडलं.

त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली:

‘युसुफे गुमगश्ते बाज आयद बे कनआन, गम मखोर
कुल्बे-ये अहजान शवद रूजी गुलिस्तान, गम मखोर’

दुसऱ्या ओळीचे शेवटचे दोन शब्द त्यांनी एकट्यानं म्हटलेच नाहीत. सगळ्या कँटीननं म्हटले. पॅकिंगच्या बायकांनी, बसच्या ड्रायव्हरनं, चहा ओतणाऱ्या पोऱ्यानं किटली हातात धरून. पुढच्या प्रत्येक शेरात तेच. पुस्तक एकट्या ओस्तांच्या हातात होतं आणि गझल सगळ्यांना तोंडपाठ. आमच्या चाळीत हरिपाठ असा पाठ असायचा, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांनाही. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीची गझल कारखान्याच्या कँटीनमध्ये अशी म्हटली जाईल, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. हाफिज वारला १३९० च्या सुमारास. त्याची फारसी यांना आजही कोशाशिवाय कळते.

माझ्या कानात मात्र ‘गम’ आणि ‘खोर’ घुमत होते. भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. हा ‘खोर’ आपल्याकडे खाणारा म्हणून आलेला. मी दुभाषी मुलीला विचारलं, गमखोर म्हणजे दुःख खाणारा का? ती म्हणाली, जवळपास. ‘गम खोर्दन’ म्हणजे दुःख करणं, अक्षरशः दुःख खाणं. आणि आधी लावलेला ‘म’ म्हणजे नको. गम मखोर, दुःख खाऊ नकोस. हरवलेला युसुफ कनानला परत येईल, दुःख करू नकोस. शोकाची झोपडी एक दिवस बाग होईल, दुःख करू नकोस.

मी तिला सांगितलं, आमच्याकडे माणूस चिडला, घाईला आला की आम्ही त्याला म्हणतो, ‘जरा गम खा.’ तेच दोन शब्द, पण आमचा कवी खा म्हणेल आणि तुमचा खाऊ नको म्हणतो. तिनं ते मोठ्यानं फारसीत सांगितलं. टेबलावर एकदम गलका झाला. एक बाई म्हणाल्या, यांच्याकडे उलटं कसं? ओस्ता थोडा वेळ डाळिंबाचे दाणे चमच्यानं गोळा करत राहिले. मग म्हणाले, उलटं नाही. त्यांच्याकडे खाऊन संपवून टाकतात, म्हणजे दुसऱ्यावर सांडत नाही.

हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्यानंतर मी प्रत्येक शब्द विचारायला लागलो. ज्या शब्दांची मला खात्री होती तेही. आणि तिथेच खरी गंमत सुरू झाली. एक शेर असा:

‘गर्चे मंजिल बस खतरनाक अस्त ओ मकसद बस बईद
हीच राही नीस्त कान रा नीस्त पायान, गम मखोर’

मंजिल, खतरनाक, मकसद, बस. मला वाटलं, ही ओळ तर मराठी माणसाला फुकटात कळते. मंजिल म्हणजे पोचायचं ठिकाण. मुलगी म्हणाली, नाही, मंजिल म्हणजे वाटेतला मुक्काम. तेव्हा मला आपली ‘मजल’ आठवली, मजल दरमजल करत जाणारी फौज. म्हणजे मराठीनं जुना अर्थ नीट जपला होता, मीच हिंदी गाण्यांतला घेऊन बसलो होतो. ‘बस’ म्हणजे पुरे नव्हे, फार. आणि ‘हीच राही’ ऐकून मी ‘हीच वाट’ समजलो होतो. ‘हीच’ म्हणजे कोणतीच नाही. मुक्काम फार धोक्याचा आणि जायचं ठिकाण फार दूर असलं, तरी जिला शेवट नाही अशी वाटच नाही. परक्या भाषेत अनोळखी शब्दापाशी आपण निदान थांबतो तरी. ओळखीचा शब्द भेटला की न विचारताच पुढे निघतो. फारसी काव्याकडे येणाऱ्या मराठी माणसाला हा धोका सगळ्यात मोठा, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. घरी आल्यावर माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश शोधून काढला तो याच कारणानं. आता ओळखीचेच शब्द त्यात आधी पाहतो.

विचारता विचारता मी सहज विचारलं, ‘आणि शोल म्हणजे?’

ती म्हणाली, ‘सैल.’

मी चहा तसाच ठेवून उठलो. टोपी, गाऊन, बुटांवरची आवरणं चढवायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं मला जड गेली. दोन प्लेटांच्या मध्ये पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून एकदा दाब दिला. कागद बाहेर काढला. तीन कोपऱ्यांत जाळीचे ठिपके काळेभोर उमटलेले, चौथ्याकडे जाता जाता करडे, आणि अगदी टोकाला नुसता धूर. मागचा उजवा कोपरा. त्या खांबाचा नट समुद्रातून, बंदर अब्बासहून ट्रकमधून येताना सैल झाला होता. अर्धा फेरा. डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला कळत होतं, आणि हात ओस्तांचा होता.

मी स्पॅनर त्यांच्या हातात दिला. त्यांनी नट आवळला, लॉकनट बसवला, पुन्हा कार्बन पेपर. चारही कोपरे सारखे काळे. मग दोनशे पाकिटं काढली आणि निळ्या पाण्यात बुडवली. एकही कप्पा निळा निघाला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांना बस पकडायची होती. ओस्ता एवढंच म्हणाले, ‘दुरुस्त शोद.’

संध्याकाळी ते आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा जुन्या प्राइड गाडीतून मला हॉटेलवर घ्यायला आले, हाफिजिया, म्हणजे हाफिजची कबर दाखवायला. आठ उंच दगडी खांब आणि त्यांवर दरवेशाच्या टोपीच्या आकाराचं तांब्याचं छत. हे छत्र १९३० च्या दशकात आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुकारानं रचलं. खालचा संगमरवरी दगड तेव्हाचा राज्यकर्ता करीमखान झंद यानं १७७३ मध्ये बसवलेला, त्यावर हाफिजच्याच ओळी कोरलेल्या. छताच्या आतल्या बाजूला रंगीत तुकड्यांचं नक्षीकाम, वर पाहून मान अवघडेल असं. त्या रात्री पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगावर शाली घेतलेली कुटुंबं, मोबाइलच्या उजेडात एकमेकांना वाचून दाखवणारी पोरं. जो तो दगडापाशी जाऊन दोन बोटं टेकवायचा, ओठ हलवायचा आणि मागच्याला जागा करून द्यायचा.

तिथे उभं असताना मी त्यांना दख्खनची गोष्ट सांगितली. मुलगा फारसीत सांगत गेला. आमच्या सोलापूरहून गुलबर्गा रेल्वेनं दोन तासांवर. हाफिजच्या काळात ती बहमनी सुलतानांची राजधानी होती. फेरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सुलतानाच्या दरबारातल्या मीर फजलुल्ला इंजू यानं हाफिजला वाटखर्च पाठवून बोलावलं. हाफिज होर्मुझपर्यंत गेला, जहाजात चढलाही. तेवढ्यात वादळ सुटलं. तो उतरला, एक गझल लिहून दख्खनला पाठवली आणि शिराजला परतला. नाहीतर आमच्या दारावरून गेला असता.

ओस्तांना गझल माहीत होती, तिच्यामागची गोष्ट माहीत नव्हती. ते लगेच म्हणू लागले, ‘दमी बा गम बे सर बुर्दन जहान यकसर नमी-अर्जद’. एक क्षणही दुःखात घालवावा एवढं सगळ्या जगाचं मोल नाही. पुढे समुद्राचा शेर आला. लाभाच्या आशेनं समुद्राचं दुःख आधी किती सोपं वाटलं होतं, आणि मग:

‘गलत कर्दम, के ईन तूफान बे सद गोहर नमी-अर्जद’

शंभर मोत्यांसाठीही हे वादळ झेलण्यासारखं नव्हतं. पण मला पहिले दोनच शब्द ऐकू येत राहिले. या वेळी मी आधी मुलाला अर्थ विचारून घेतला. ‘चुकलो,’ तो म्हणाला, आणि आताच्या बोलीत तो जरा जड शब्द आहे, स्वतःला फार कमी लेखणारा, असंही म्हणाला.

मी ओस्तांकडे वळलो. ‘गलत कर्दम, ओस्ता. शर्मंदे.’

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळव्यांना अजून ग्रीसचा वास होता.

‘दुश्मनत शर्मंदे,’ ते म्हणाले.

मुलगा अर्थ सांगायला पुढे झाला. मी मान हलवून त्याला थांबवलं.