३५ म्हणजे नक्की किती?

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि घरगुती जेवणाच्या ऑर्डर घेते. मोठ्या लग्नाबिग्नाच्या नाही हं, २५-५० माणसांच्याच. दिवाळीत मात्र वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मला स्वतःच्या घरची दिवाळी दिसत नाही, ते असो.

मागच्या भाऊबीजेला गंगापूर रोडवर एका ताईंकडे रात्रीचं जेवण होतं. फोनवर तीनदा विचारलं, तीनदा "३५, पक्कं". मेनू भरली वांगी, मसालेभात, पुऱ्या, मठ्ठा आणि बासुंदी. १० लिटर फुल क्रीम दूध दुपारीच आटवून निम्म्यावर आणलं होतं, म्हणजे जेमतेम ४० वाट्या. वांगी माणशी दोन धरून ७०. भात ३ किलोचा, आपला इगतपुरीकडचा इंद्रायणी.

साडेसहाला सामान घेऊन पोचले तर पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही. वर गेले तर दारात चपलांचा ढीग, बघूनच पोटात गोळा आला. ताई हसत म्हणाल्या, "अगं नणंदेचे सासरचे पण आलेत, ६० होतील, दिवाळीत कोणाला नाही म्हणणार, तू करशील गं मॅनेज!" मॅनेज म्हणे!

भाताचं सोपं होतं, दुसऱ्या पातेल्यात २ किलो नवीन लावला. तयार भातात कच्चे तांदूळ आणि पाणी ढकललं की सगळ्याचा गिचका, हे मी एकदा पैसे घालवून शिकलेय. तोंडली संपली होती म्हणून मटार. वांग्यांच्या रश्शात बटाटे, दाण्याचं कूट आणि काळा मसाला वाढवला, मोठी वांगी निम्मी केली, ताटात गेल्यावर कोण मोजतंय. पुऱ्यांची कणीक माझी मदतनीस मळतच होती.

अडलं ते बासुंदीपाशी. आता नवीन दूध आटवायचं तर दीड-दोन तास गेले आणि दूध घालून पातळ केली तर चहाच झाला की तो. मग आठवलं, येताना जेहान सर्कलजवळ सीताफळाची गाडी दिसली होती. ताईंच्या मुलाला पळवलं, त्याने ६ किलो आणली, चांगली डोळे उघडलेली पिकली. पण गर काढायचा कोणी? मिक्सरला लावला तर बिया फुटतात आणि सगळं कडू होतं, हातानेच करावं लागतं. मी चाळण घेऊन बसले तर आतल्या खोलीतून ताईंच्या सासूबाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील, भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि चाळण माझ्या हातातून घेतली. बोटांनी गर चाळणीवर असा गोल गोल फिरवायच्या की काळ्याभोर बिया नुसत्या चकाकत वर राहायच्या, एकीलासुद्धा गर चिकटलेला नाही! मी एक फळ करेपर्यंत त्यांची तीन.

तेवढ्यात मदतनीस पहिला वाडगा घेऊन निघाली बासुंदीकडे, आणि ती अजून कोमट होती. आजी न बघताच ओरडल्या, "ए पोरी, गरम दुधात नको, नासेल!" कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ आणला, परातीत पातेलं ठेवून ढवळत ढवळत पार गार केली, ३ लिटर दूध वेगळं उकळून गार करून त्यात घातलं आणि शेवटी दोनेक किलो गर. गराने दाटपणा परत आला आणि साखर वेगळी लागलीच नाही. वाट्या मात्र मी स्वतः भरल्या, दुसऱ्या कोणाच्या हाताचा भरवसा नाही.

सगळे जेवले. दोघा-तिघांनी रेसिपी विचारली, ताईंनी "आमच्याकडे सीताफळाचीच असते" असं ठोकून दिलं. हिशेबाला मला म्हणाल्या, "३५ चेच ना गं, ठरलं तसं?" मी काही बोलायच्या आत आजी आतून म्हणाल्या, "६० चे दे गं, मी पानं मोजलीत." ताईंनी गुपचूप जीपे केलं.

खाली आले तेव्हा सव्वाअकरा. भाऊ अर्धा तास गेटपाशी थांबला होता. गाडीच्या सीटवर ताट ठेवून तिथेच ओवाळलं, वॉचमनकाका बघत होते. बासुंदीचा थेंब उरला नव्हता, त्याने पातेल्यातली भाताची खरपूस खरवड काढून खाल्ली आणि विचारलं, "मटार का घातलेस?"