माँटेरी बे: एक दिवस देवमाशांचा, एक दिवस गळाचा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की गोल्डन गेट, योसेमिटी, टाहो हा क्रम ठरलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या माँटेरीला गेलं तरी मत्स्यालय बघायचं, किनाऱ्यावर फोटो काढायचे आणि परत. तिथवर जाताच आहात तर बोटीनं समुद्रात जा. आम्ही जुलैतल्या एका वीकएंडला दोन्ही केलं: शनिवारी देवमासे बघायची बोट, रविवारी मासेमारीची. दोन्ही बोटी जवळपास एकाच धक्क्यावरून सुटतात. पण एकीवर नुसतं बघायचं असतं आणि दुसरीवर अंगमेहनत करायची असते, त्यामुळे दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवू नका.

निघण्याआधी तिथला वारा समजून घ्या, बाकीचं नियोजन आपोआप होतं. वसंतापासून उन्हाळाभर इथे वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटलं जातं आणि त्याच्या जागी तळाकडचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, प्लवकांवर क्रिल (कोलंबीसारखे बारीक जीव) आणि अँकोव्ही (छोटे मासे), आणि त्यांच्यासाठी देवमासे येतात. भरीला माँटेरी कॅन्यन आहे. ही समुद्राखालची दरी मॉस लँडिंग बंदराच्या तोंडापासूनच सुरू होते आणि पुढे ३,६०० मीटरहून खोल जाते. म्हणून एरवी भर समुद्रात जाऊन शोधावे लागणारे प्राणी इथे किनाऱ्याजवळ दिसतात. धुकं, कडाक्याची थंडी, दुपारी खवळणारं पाणी आणि त्यामुळे लागणारी बोट, ही सगळी त्याच वाऱ्याची देणगी. तेव्हा तक्रार करू नका, सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारी एकनंतर वारा चढतो आणि तीच बोट, तोच समुद्र वेगळे वाटतात.

तारीख ठरली की नॅशनल डेटा बॉय सेंटरच्या साइटवर ४६०४२ क्रमांकाचा तरंगता बॉय (लाटा मोजणारं यंत्र) बघा, तो माँटेरीच्या बाहेर खोल समुद्रात आहे. लाटांच्या उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ महत्त्वाचा. दोन मीटरच्या लाटा चौदा सेकंदांच्या अंतरानं येत असतील तर बोट संथ वर-खाली होते. त्याच लाटा सात सेकंदांनी येत असतील तर आतडी ढवळून निघतात. आकडे वाईट असतील तर आदल्या दिवशी फोन करून तारीख बदलता येते का ते विचारा.

सॅन होजेत ३२ अंश असताना इथे १६ असतात आणि बोट चालू लागली की वाऱ्यानं ते आणखी कमी वाटतात. आईनं साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझं जाकीट आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधला. शॉर्ट्स घालून आलेल्या मंडळींपेक्षा तीच शहाणी ठरली. बाबांनी मात्र ‘मला रेवसच्या लाँचला कधी बोट लागली नाही’ म्हणून गोळी नाकारली. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत बंदराचा आडोसा आहे, इथे थेट पॅसिफिकची लाट. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी गोळी मागितली, पण तोवर उशीर झालेला असतो. मेक्लिझिन किंवा ड्रॅमामाइन निघण्याआधी किमान तासभर घ्यावी लागते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा झोपेची औषधं चालू असलेल्या ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. केबिनमध्ये जाऊन बसू नका, फोनमध्ये डोकं घालू नका. बोटीच्या मागच्या भागात मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघा. उलटी येणारच असेल तर वाऱ्याच्या पाठच्या बाजूला जा, शेजारी उभे असलेले दुवा देतील.

फेरी साधारण तीन ते चार तासांची असते, तिकीट माणशी ६० ते ८० डॉलरच्या आसपास. धक्क्याजवळच्या दगडी बांधावर सी लायन (समुद्रसिंह) लोळत असतात, पुढे केल्पमध्ये (उंच समुद्री शेवाळात) समुद्री ऑटर (पाणमांजरं) उताणे तरंगतात. उन्हाळ्यात मुख्य पाहुणा हंपबॅक देवमासा, लांबी १२ ते १५ मीटर. आधी श्वासाचा फवारा दिसतो. तो जवळून अंगावर आला तर सडक्या मासळीचा वास येतो, हे कुणी आधी सांगत नाही. आमचं नशीब असं की अँकोव्हीचा मोठा थवा सापडला होता. सी लायन खालून थव्याला हाकत होते आणि हंपबॅक तोंडं वासून पाण्याबाहेर झेपावत होते. वर सूटी शिअरवॉटर पक्ष्यांचा गोंधळ. हे पक्षी न्यूझीलंडकडून इथे येतात. लांबवर एक उंच, सरळ फवारा दिसला आणि कप्तानानं तो ब्लू व्हेल असल्याचं सांगितलं, पण पाठीची एक रेघ सोडून हाती काही लागलं नाही. ब्लू व्हेलसाठीच यायचं असेल तर जुलै ते ऑक्टोबर. करड्या देवमाशांचं स्थलांतर हिवाळ्यात, त्यासाठी डिसेंबरनंतर या. धुकं नको असेल तर सप्टेंबर उत्तम.

बोट देवमाशापासून साधारण १०० यार्डांवर थांबते. त्याहून जवळ न जाण्याचा संकेत आहे. देवमासा स्वतःहून जवळ आला तर गोष्ट वेगळी. बुडी मारताना शेपटी वर येते, तेव्हा तिच्या खालच्या बाजूचा फोटो काढा. तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. हॅपीव्हेल साइटवर फोटो चढवला की हा प्राणी आधी कुठे दिसला होता ते कळू शकतं. परतल्यावर गावातलं जुनं व्हेलिंग स्टेशन बघा, त्याच्यासमोरची पायवाट देवमाशांच्या हाडांची आहे. एकोणिसाव्या शतकात इथूनच त्यांची शिकार चाले. १९९२पासून हा सगळा समुद्र राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे, पण नियम पाळून मासेमारी करता येते.

रविवारी पहाटे सहाला मासेमारीच्या बोटीवर हजेरी. इथे दोन प्रकार असतात. तिकीट काढून अनोळखी लोकांबरोबर जायची मोठी बोट, किंवा सहा प्रवाशांपर्यंतची खासगी चार्टर, म्हणजे अख्खी बोट भाड्यानं. पहिल्यांदा जात असाल तर मोठी बोट घ्या. रॉड भाड्यानं मिळतो आणि डेकहँड (बोटीवरचे मदतनीस) हात धरून शिकवतात. सोळा वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचं फिशिंग लायसन्स लागतं, एका दिवसाचंही मिळतं. ते आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवा. कोणता मासा किती, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, हे दरवर्षी बदलतं. २०२३ आणि २०२४मध्ये समुद्रातल्या सॅमन मासेमारीला पूर्ण बंदी होती. ‘सॅमन मिळेल ना?’ असं विचारत येणाऱ्यांनी आधी डिपार्टमेंट ऑफ फिश अँड वाइल्डलाइफची साइट उघडावी.

सॅमन नसला तरी रॉकफिश हा तळाच्या खडकांतला मासा असतो. तंगूसाला (गळाच्या दोरीला) दोन गळ, खाली शिसं, आमिष लावून तळापर्यंत सोडायचं आणि शिसं टेकलं की एक-दोन फेरे वर गुंडाळायचं. नाहीतर खडकात अडकतं. डेकहँडनं बाबांना हे दोनदा सांगितलं. पिशवीतली केळी दिसल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही तिकडच्या कोळ्यांची पक्की समजूत. धक्क्यावरच संपवून निघा, वाद घालू नका.

रॉकफिश खोलातून झपकन वर आणला की हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. असा मासा नुसता फेकला तर तरंगत मरतो. सोडायचा असेल तर वजन लावलेल्या चिमट्यानं त्याला परत खोलात नेऊन सोडतात. यलोआय हा लाल-केशरी रॉकफिश ठेवायलाच बंदी आहे, तेव्हा लाल काही आलं की आधी डेकहँडला दाखवा. कधीकधी गळाला लागलेल्या रॉकफिशला लिंगकॉड हा मोठा शिकारी मासा धरतो आणि सोडतच नाही. अशा वेळी झटका न देता सावकाश गुंडाळा आणि जाळी मागवा.

मासे साफ करून काप काढून द्यायचं काम डेकहँडच करतात, त्याचे वेगळे पैसे घेतात. टिपही द्यायची असते, तिकिटाच्या १५ ते २० टक्के. लिंगकॉडचं मांस क्वचित निळसर-हिरवं निघतं. आई म्हणाली, हे खराब आहे, टाका. खराब नसतं, शिजलं की पांढरं होतं. रॉकफिशचे काप पातळ आणि नाजूक असतात. कालवणात घालायचे तर रस्सा आधी उकळून घ्या आणि मासा शेवटी सोडा. शीतपेटी आणि बर्फ गाडीतच ठेवा, बोटीवर गोणपाट पुरतं. आणि ऑगस्टच्या मध्यावर जात असाल तर पेबल बीचला जुन्या गाड्यांचा मेळा असतो, त्या आठवड्यात हॉटेलचे दर बघून तारीख बदला.