अडीच फुटांचं नागपूर

मुंबईकर ट्रामच्या गोष्टी सांगायला लागला की नागपूरकराची पंचाईत होते. १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९०७ साली विजेची, १९६४ च्या मार्चअखेरीस बोरीबंदर ते दादर शेवटची फेरी; त्यांच्याकडे सगळं तारीखवार तयार असतं. नाशिककरही मागे हटत नाहीत, नाशिकरोडहून गावात येणारी ट्राम त्यांच्याकडेही होती म्हणे, आणि होतीच. आपल्याजवळ टांगे आणि सायकलरिक्षा. त्यावर कोण भाळणार? मग आपण हुकमाचं पान टाकतो : छोटी गाडी.

छोटी लाइन, नॅरोगेज, काहीही म्हणा. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. फ्लॅटमधल्या बाथरूमचं दार असतं ना, तेवढंच. एवढ्याशा रुंदीवर इंजिन, डबे, गार्ड आणि इतवारीच्या बाजाराला निघालेली निम्मी पंचक्रोशी तोल सांभाळत यायची. अरुंद रूळ टाकण्यामागे हौस नव्हती, काटकसर होती. जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान बांधून भागतं आणि डोंगरात गाडी आखूड वळणावरही वळते. सौंसरच्या पुढे सातपुडा चढून छिंदवाड्याला जायचं तर हे वळणं फार कामाचं. बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात हे जाळं विणलं. एक फाटा छिंदवाड्याकडे, एक उमरेड-भिवापूरवरून नागभीडकडे.

रुळांच्या मापाच्या बाबतीत आपलं गाव मोठं चोखंदळ निघालं. १८६७ साली मुंबईहून पहिली गाडी आली ती ब्रॉडगेजवर, साडेपाच फुटांच्या. त्यानंतर पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत नागपूर छत्तीसगड रेल्वे झाली, ती मीटरगेज. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ही लाइन घेतली आणि पुढच्याच वर्षी रुंद करून टाकली. म्हणजे गेज बदलायचं काम इथे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. त्या मीटरगेजसाठी तेव्हा कोणी हळहळलं असेल असं मला तरी वाटत नाही. रुंद लाइन करणाऱ्या त्याच कंपनीनं नंतर अडीच फुटी लाइनही टाकली, आणि आता डोक्यावरून मेट्रो जाते ती स्टँडर्ड गेजवर, १४३५ मिलिमीटर. भारतात रुळांची जी मुख्य चार मापं आहेत, ती चारही या शहरानं वापरून पाहिली. ट्रामवाल्यांना हे ऐकवावं. ऐकत नाहीत ते, ही गोष्ट वेगळी.

रेल्वेच्या भाषेत इंजिनांना अक्षरं असतात. ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय, आणि अडीच फुटीला झेड. सरकारदरबारी छोट्या गाडीचा नंबर कितवा, ते तिथेच कळतं.

पण डब्यात बसलं की मान मिळायचा, निदान शेजाऱ्याकडून. कारण त्याच्यापासून लांब सरकायला जागाच नसायची. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा. नागभीडच्या गाडीत मिरचीचा हंगाम आला की बोलणं जरा कमी आणि शिंका जास्त. भिवापुरी मिरची ती, जाड सालीची, रंगाला गडद. आता तिला भौगोलिक मानांकनही आहे. पोतं बाकाखाली सरकवलेलं, त्यावर कोणाचं तरी पोट्टं झोपलेलं, आणि पोत्याच्या सुतळीतून निसटलेली एखादी मिरची डब्याभर फिरत राहायची, गाडी वळली की या बाजूला, पुन्हा वळली की त्या बाजूला. ती उचलायची कोणी तसदी घेत नसे. हात डोळ्याला लागला तर उमरेडपर्यंत रडणं.

छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. कारण एकच, लाइन रुंद करायची. ते करायलाच हवं होतं असं माझं मत आहे, आणि ते मी हळहळणाऱ्या मित्रमंडळीत बसून मांडतो, म्हणून मला चहा जरा उशिरानं मिळतो. मालगाडी एका गेजवरून दुसऱ्या गेजवर जात नाही. पोतं इथे उतरवा, तिथे चढवा, त्यात वेळ जातो, हमाली जाते आणि माल फुटतो. संत्र्याच्या पेटीला आठवणींशी काही घेणंदेणं नसतं.

छोटी गाडी आता पाहायची तर मोतीबागेत. मेट्रोनं कडबी चौकात उतरलं की नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळच आहे, २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. जुनी इंजिनं, डबे, कंदील आहेत. पोरांसाठी टॉय ट्रेन आहे, तिच्यात बाप मंडळीच जास्त ऐसपैस बसलेली दिसतात. खऱ्या इंजिनाजवळ गेलं तर ते वाटलं होतं त्याहून थोराड निघतं. लहान असतो तो फक्त रूळ.

मला खटकतं ते वेगळंच. कालका-सिमल्याची गाडी तंतोतंत आपल्याच मापाची, अडीच फुटी. ती २००८ पासून जागतिक वारसा आहे. माथेरानची तर दोनच फुटांची, तीही जपली जाते. त्या गाड्यांत सुटीवरची माणसं बसायची, आपल्या गाडीत मिरची आणि ती विकणारी. सौंसरच्या पुढच्या घाटातला एखादा तुकडा तेवढा चालता ठेवला असता तर रुंद लाइनचं काही बिघडलं नसतं.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या काकूंना मोठ्या तळमळीनं सांगत होतो. त्यांचं माहेर उमरेडचं, छोट्या गाडीनंच त्या लग्नाच्या वऱ्हाडासोबत नागपुरात आल्या.

“काकू, ती गाडी ठेवायला पाहिजे होती ना?”

“ठेवा नं बाप्पा, कोन नाही म्हणते. फोटो काढाले येतीन लोकं.” त्यांनी शेंगा सोलता सोलता टरफलं माझ्याकडच्या परातीत टाकली. “मले सांग, उमरेडले जायाले मी एसटीतच उभी राहू का? मोठी आली तं मोठीत बसीन. फक्त तिच्यात बी शेजारनीनं सरकून जागा दिली पाहिजे.”