सतर्क म्हंजी काय करू?

रजिस्टरमधली ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. 'वेळ ०३.४०. महिला, नदीकाठची वस्ती. पाणी वाढत असल्याबाबत दूरध्वनी. सतर्क राहण्याच्या सूचना दिल्या.' पुढे माझी सही. त्या पानाची झेरॉक्स नंतर अहवालाला जोडली गेली आणि बैठकीत एका साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, रजिस्टर कसं ठेवावं ते यांच्याकडून शिका. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं चारचौघांत कौतुक झालं ते त्या एका नोंदीसाठी. म्हणून हे लिहितेय.

कार्यालय कुठलं, वस्ती कुठली, साल कुठलं, ते राहू दे. मी मूळची करवसुलीच्या टेबलावरची. पावसाळा आला की १ जून ते ३० सप्टेंबर पूर नियंत्रण कक्षात नेमणूक. सलग पाच वर्षं तिथे जाणारी मी एकटीच. बाकी माणसं दर वर्षी नवी येतात, ऑगस्टपर्यंत शिकतात आणि ऑक्टोबरात आपापल्या खात्यात परत जातात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून गिरवायचं.

लोकांना वाटतं तिथे भिंतभर पडदे असतील. एक टीव्ही आहे, त्यावर बातम्या लागलेल्या असतात, कारण पुष्कळदा आम्हालाही आधी तिथूनच कळतं. तीन फोन, एक वायरलेस सेट, चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रजिस्टर. फोन बहुतेक झाड पडल्याचे, साप निघाल्याचे, लाइट गेल्याचे. शिवाय 'खडकवासला किती टक्के?' विचारणारे. हे लोक पुराला घाबरून विचारत नाहीत, पाणीकपात टळली का ते त्यांना हवं असतं. एक काका तर दर दोन दिवसांनी फोन करून दरवाजे कसे उघडायला हवे होते ते मला समजावतात. मी ऐकून घेते. पुण्यात हे चालायचंच.

पण खडकवासल्याचं एक सांगायलाच हवं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून साठा साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २. चारांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली. वरच्या तिघांचं पाणी त्याच्याच पोटात येतं, म्हणून ते बघता बघता भरतं आणि पाणी सोडावंच लागतं. मग पत्र येतं. त्या पत्राचा मजकूर मला पाठ आहे: अमुक वाजता विसर्ग वाढवून इतके क्युसेक करण्यात येत आहे, पर्जन्यमानानुसार त्यात कमी/जास्त बदल होऊ शकतो, नागरिकांनी नदीपात्रात उतरू नये, सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या आसपास. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. हा हिशेब मी स्वतःसाठी करून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता आणि त्याचा मला जरा अभिमानही होता.

त्या रात्री दोनपासून फोन थांबत नव्हते. कक्षप्रमुख आतल्या खोलीत व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ बैठकीत होते. वरून कुणी तरी विचारणार, इकडून कुणी तरी आकडा सांगणार, तो आकडा आणखी वर जाणार. ऐन पुरात निर्णय घेणारी सगळी माणसं एकाच वेळी स्क्रीनसमोर बसलेली असतात. हे सगळीकडचं आहे, एका माणसाचं नाही, म्हणून त्यांच्यावर राग धरत नाही. म्हणजे आता धरत नाही.

तीन चाळीसला ती बोलली. आवाज खालचा, बहुधा पोरं निजलेली असावीत.

"मॅडम, पाणी यायलंय. सोडलंय का अजून?"

पत्र तोवर आलेलं नव्हतं. वायरलेसवर विसर्ग वाढणार असं कानावर पडलं होतं, पण पत्राशिवाय आकडा सांगायचा नाही असा आमचा नियम. तो नियम मला मान्य आहे, कारण एकदा चुकीचा आकडा बाहेर गेला की अर्ध्या शहरात धरण फुटल्याची आवई उठते. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तो दिवस इथल्या घराघरांत अजून शिल्लक आहे. आमच्या आजीच्या वाड्याच्या भिंतीवर पानशेतच्या पाण्याची रेघ होती आणि ती दर पाहुण्याला दाखवायची असायची.

म्हणून मी म्हटलं, "ताई, सतर्क राहा."

"सतर्क म्हंजी काय करू? सामान माळ्यावर टाकू का पोरं उचलू?"

मी म्हटलं, "परिस्थितीवर लक्ष ठेवा."

"लक्षच ठिवून आहे वो, दोन वाजल्यापास्नं."

मी गप्प झाले. सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मग उगाच काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, पाणी कुठवर आलंय. ती लगेच म्हणाली, "मारुतीच्या देवळाला अकरा पायऱ्या. चौथी आत्ता बुडाली. सातवी गेली की आमच्या गल्लीत शिरतं. मागल्या टायमाला चौथीपास्नं सातवीला तासभर लागला हुता."

माझ्याकडे क्युसेक होते, तिच्याकडे पायऱ्या. या दोघांचा मेळ कुठे बसतो ते कक्षात कुणालाही ठाऊक नव्हतं. रजिस्टरला 'कोणाकडून', 'निरोप', 'कोणाला कळविले', 'सही' असे रकाने आहेत. पायरीला रकाना नाही, म्हणून मी ती लिहिली नाही. खोटं काहीच लिहिलं नाही मी. सतर्क राहण्याच्या सूचना खरोखरच दिल्या होत्या.

दर मे महिन्यात आमचं प्रशिक्षण होतं. पहिल्या तासाला एक शिडी दाखवतात. राष्ट्रीय प्राधिकरणावर पंतप्रधान, राज्याच्या मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. मी या शिडीची टिंगल करणार नाही. पूर्वी हा विषय दिल्लीत कृषी खात्याकडे असायचा. आपत्ती म्हणजे मुख्यतः दुष्काळ, असा सरळ हिशेब. २००२ मध्ये तो गृह खात्याकडे गेला. त्याच्या आगेमागे ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारी, २६ जानेवारी २००१चं भूज, मग २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी. इतकी माणसं गेली तेव्हा कायदा आला. आज एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, रबरी बोटी घेऊन येते, ही गरीब देशाने कमावलेली गोष्ट आहे. माझ्या लहानपणी असं काही नव्हतं.

पण शिडीवरून निरोप वरून खाली उतरतो. खालून वर चढताना त्याला धाप लागते. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. ते जगाला कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला तर गाव जागेवर नव्हतं. आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला जे पाणी आलं ते कात्रजच्या बाजूच्या पावसाचं. त्या पाण्याला दरवाजा नव्हता, म्हणून त्याचं पत्रही नसतं. आम्ही तयार असतो ते दरवाजा असलेल्या पाण्यासाठी.

परत त्या रात्रीकडे. बाईंचा फोन ठेवल्यावर मी आत जाऊन चिठ्ठी सरकवली. साहेबांनी हातानेच 'थांबा' म्हटलं. भागातल्या जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, फोन लावला. हा पोरगा चांगला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून काम करणारा. तो म्हणाला, "मॅडम, हलवतो, पण ठेवू कुठं? शाळा उघडून द्या."

निवाऱ्याची यादी काढली. शाळेचं नाव, क्षमता, मुख्याध्यापकांचा मोबाइल. सव्वाचारला नंबर फिरवला. पलीकडून झोपेतला म्हातारा आवाज.

"बाई, मला रिटायर होऊन चार वर्षं झाली."

दर मे महिन्यात ती यादी 'अद्ययावत' होते. म्हणजे वरची तारीख बदलते. तारीख बदललेल्या त्या यादीवर माझीही आद्याक्षरं होती, हे मी नंतर पाहिलं.

मी सॉरी म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. किल्ली शाळेच्या शिपायाकडे असते, तो लांब राहतो, त्याच्या नादी लागू नका. दुसरी किल्ली समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे आहे. मीच ठेवली होती. बदलली नसेल तर अजून तिथेच असेल." आणि त्यांनीच गिरणीवाल्याला उठवलं. चार पस्तीसला शाळा उघडली.

विसर्गाचं पत्र चार दहाला आलं होतं. ते मी चौदा ग्रुपवर टाकलं. अकरा ठिकाणांहून अंगठा आला.

जेई पोचला तेव्हा अर्धी गल्ली रस्त्यावर होती. त्या बाईंनी दारं वाजवून लोकांना उठवलं होतं म्हणे. कुणाच्या सांगण्यावरून? माझ्या तर नाही. पाचच्या आत पाणी गल्लीत शिरलं, उजाडेपर्यंत छातीएवढं झालं. एक आजोबा घर सोडायला तयार नव्हते. रेशनकार्ड आणि बायकोचा फोटो घेऊन माळ्यावर बसून राहिले. अग्निशमनच्या जवानांनी सहाला त्यांना खांद्यावरून आणलं. माणूस गेला नाही. अहवालात 'जीवितहानी निरंक' लिहिलं गेलं आणि ते खरंच आहे. पुढे पंचनामे, घरात पाणी किती वेळ होतं यावरून वाद, भिजलेल्या गाद्यांचे ढीग. ते सगळं नेहमीचं.

दोन आठवड्यांनी रविवारी मी त्या घाटावर गेले. पायऱ्या मोजल्या. दहा भरल्या. पुन्हा मोजल्या, दहाच. देवळातल्या पुजाऱ्याने सांगितलं, खालची पुराच्या गाळात गेली. म्हणजे पुढच्या खेपेला कुणी नव्या माणसाने वरून न मोजता खालून मोजलं तर त्याची सातवी ही खरी आठवी निघणार. मी पायऱ्यांवर रंगाने आकडे घालावेत अशी टिपणी लिहिली. ती परत आली: नदीपात्र एका खात्याचं, घाट दुसऱ्याचा, देऊळ ट्रस्टचं, प्रथम हद्द निश्चित करावी. पन्नास रुपयांचा रंग लागला असता. मी स्वतःच नेऊन का लावला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित इतक्या नोकरीनंतर टिपणीशिवाय हात हलत नसावा.

बाईंची चौकशी केली. पोळ्यांच्या कामाला गेल्या होत्या, दाराला कुलूप होतं. थांबायला हवं होतं. पण भेटून काय म्हणणार होते? फोनवरची ती मीच, एवढं सांगायला तोंड नव्हतं.

यंदाही कक्षात आहे. नदीकाठचा फोन आला की 'कितवी पायरी?' असं विचारते; नव्या पोरी एकमेकींकडे बघून हसतात. 'सतर्क राहा' हे शब्द अजूनही तोंडातून जातात. दुसरं काय म्हणायचं ते छापील कुठे मिळालेलं नाही.

मे महिन्यात यादी माझ्याकडेच आली होती. एकेक नंबर फिरवून पाहिला, त्यात आठ दिवस गेले. त्या शाळेपुढे नव्या मुख्याध्यापिकांचा मोबाइल घातला आणि खाली जुन्या सरांचा तसाच ठेवला. सहीच्या वेळी साहेबांनी विचारलं, हे कोण?

म्हटलं, किल्ली.