फोटोमागच्या गोचिडी

बंड्याला टेबलावर चढवायला दोघं लागले. एरवी हा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर दारातूनच बिस्किटांच्या डब्याकडे धावतो. २४ मेला मात्र रिक्षातून उतरला तोच मान खाली घालून. ताप १०४.२ फॅरनहाइट; कुत्र्याला १०२.५ पर्यंत चालतो. हिरड्या फिकट, आणि पोटाखाली, मांडीच्या आतल्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. बोटाने दाबून पाहिलं तर ते पुसट होईनात. म्हणजे ते पुरळ नव्हतं, कातडीखाली झिरपलेलं रक्त होतं. सांगलीच्या उन्हाळ्यात असे ठिपके दिसले की पुढचा हात आपोआप कानाकडे जातो. उजव्या कानाच्या घडीत तीन गोचिडी निघाल्या, त्यातली एक एरंडाच्या बीसारखी टम्म.

बंड्याला घेऊन आलेल्या काकूंनी पिशवीतून गोचिडीच्या औषधांची दोन रिकामी खोकी काढून टेबलावर आपटली. "दोन-दोन औषधं घातली डॉक्टर, तरी हे असं. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला बघा."

नकली माल बाजारात असतो, नाही असं नाही. पण खोक्यांवरचे बॅच नंबर, मुदत, छपाई सगळं नीट होतं. मी आधी बंड्याला वजनकाट्यावर उभं केलं. ४१.८ किलो.

"३६ आहे त्याचं," काकू म्हणाल्या. ते मागच्या वर्षीचं, नसबंदीच्या आधीचं वजन.

पहिलं खोकं फ्लुरालेनर या गोचीड मारणाऱ्या औषधाच्या गोळीचं, २० ते ४० किलोच्या कुत्र्यासाठीची १००० मिलिग्रॅमची. या औषधाचा डोस किलोमागे कमीत कमी २५ मिलिग्रॅम. १००० ला ४१.८ ने भागलं की २४ सुद्धा पुरते येत नाहीत. त्याला ४० ते ५६ किलोची, १४०० मिलिग्रॅमची गोळी हवी होती. एवढ्याशा फरकाने आभाळ कोसळत नाही, पण चूक ही एकच नव्हती. गोळी सकाळी उपाशीपोटी दिलेली. हे औषध पोटात अन्न असताना नीट शोषलं जातं. म्हणून जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच द्यायचं. आणि तिसरं म्हणजे तारीख. गोळी १० फेब्रुवारीची. दुकानात 'तीन महिन्यांची गोळी' म्हणून विकतात, पण खोक्यावर १२ आठवडे लिहिलेलं असतं, म्हणजे ८४ दिवस. ते ५ मेलाच भरले. अंगणात सगळ्यात जास्त गोचिडी असतात त्या दिवसांत बंड्या उघडा पडला होता.

८ मेला काकूंना कानात गोचीड दिसली, म्हणून दुसरं खोकं आलं, फिप्रोनिलच्या पिपेटचं, म्हणजे कातडीवर पिळायच्या औषधाच्या छोट्या नळीचं. तेही २० ते ४० किलोचं, २.६८ मिलिलिटर. चाळिशीच्या वरच्याला ४.०२ लागतं. पण इथे वजनापेक्षा अंघोळीने घात केला. सकाळी शाम्पूने चांगला घासून अंघोळ, दुपारी पिपेट, आणि "पाठ तेलकट दिसायला लागली म्हणून" दुसऱ्या दिवशी पुन्हा शाम्पू. फिप्रोनिल कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं आणि तेलग्रंथींत साठून हळूहळू बाहेर येत राहतं. शाम्पूने तोच थर धुतला तर औषधाला पसरायला वाटच उरत नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ बंद ठेवायची. शिवाय काकूंनी औषध घातलं होतं केसांवर, मानेपासून शेपटीपर्यंत रेघ ओढून. लॅब्रॅडॉरचे केस दाट. ते बोटांनी दुभंगायचे, गुलाबी कातडी दिसली की पिपेटचं टोक तिथे टेकवायचं आणि मग पिळायचं. जागा कुठली, तर खांद्याच्या पात्यांमध्ये, जिथे जीभ पोचत नाही.

रक्ताचा रिपोर्ट अर्ध्या तासात आला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ३८ हजार. हव्यात दोन ते पाच लाख. हिमोग्लोबिन ९.१. कानाच्या टोकातून थेंब घेऊन काचेवर पातळ पसरवून पाहिला, तांबड्या पेशींत बबेसिया, म्हणजे गोचिडीतून येणारा परजीवी, नव्हता. एर्लिकिया या गोचिडीतूनच येणाऱ्या जिवाणूच्या किटवर फिकट रेघ उमटली. ती उमटली नसती तरी मी थांबले नसते, कारण आजाराच्या सुरुवातीला ही किट कोरी राहू शकते. एर्लिकिया गोचीड चावल्यापासून साधारण ८ ते २० दिवसांत ताप आणतो. ५ मे आणि २४ मे, हिशेब बरोबर बसत होता. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे बंड्याला २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, एक सकाळी, एक रात्री, जेवणाबरोबर, पूर्ण २८ दिवस. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि इथेच निम्मे लोक गोळ्या बंद करतात. मग तोच आजार महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दारात.

खरी गोष्ट पंजात सापडली. बोटांच्या फटीत कोंड्यासारखं काहीतरी हलत होतं. स्लाईडवर घेऊन पाहिलं, सहा पाय. गोचिडीच्या पिल्लाला सहाच पाय असतात. पहिल्यांदा रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. हे पिल्लू फार लांब चालत जात नाही. बंड्याच्या पंजात ते सापडलं याचा अर्थ अंडी तो झोपतो तिथेच जवळपास फुटली होती. काकूंचा संशय शेजारच्या दूधवाल्याच्या गोठ्यावर होता. पण म्हशींवर सहसा सापडते ती गोचीड वेगळ्या जातीची. ही तपकिरी कुत्र्याची गोचीड. पिल्लू, मधली अवस्था आणि मोठी, तिन्ही वेळा ती कुत्र्यावर चढते आणि प्रत्येक जेवणानंतर उतरून भिंतीत जाते. उतरली की वर चढायची तिला खोड. लोक फरशी पुसत बसतात आणि ती छताखाली.

संध्याकाळी दवाखाना आटोपून त्यांच्या घरी गेले. तळमजला, जुनं लोडबेअरिंगचं बांधकाम, जाड भिंती. बंड्याची गादी हॉलच्या कोपऱ्यात. गादीवर काही नाही, फरशी लख्ख, फिनेलचा वास. फिनेलने गोचिडीला काही होत नाही, पण ते चाटून कुत्र्याच्या पोटाला होतं. टॉर्च भिंतीवरून वर नेत गेले. दाराच्या चौकटीच्या फटीत दोन. स्विचबोर्डच्या कडेला एक. छतापासून हातभर खाली काकूंच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. स्टुलावर चढून खालची कड जरा पुढे ओढली, तर फ्रेमच्या मागच्या खाकी कागदाच्या घडीत रक्त पिऊन करड्या झालेल्या सात-आठ माद्या चिकटून बसलेल्या. एकीच्या तोंडापुढे तपकिरी, चकचकीत कण, खसखशीचा चमचा सांडावा तसे. एक मादी असे दोन-चार हजार कण घालते आणि मरते.

काकू स्टूल धरून उभ्या होत्या. त्या एकच म्हणाल्या, "अहो, रोज उदबत्ती लावते मी इथे."

फ्रेम तशीच प्लास्टिकच्या पिशवीत उतरवली. अंडी रुंद चिकटपट्टीने टिपून घेतली. झाडूने झटकली असती तर खोलीभर पसरली असती. माद्या चिमट्याने साबणाच्या पाण्यात. नखाखाली चिरडायच्या नाहीत, तिच्या पोटातलं रक्त आपल्या हाताला लागतं. कुत्र्यावरची काढतानाही चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरायचा आणि सरळ वर ओढायचं, न पिळता. रॉकेल, तेल-हळद, पेटती उदबत्ती यांतलं काही नाही. त्याने ती सुटत नाही, नुसती जास्त वेळ चिकटून राहते.

औषध कुठलं लिहायचं हे खरं तर तेव्हा ठरलं, कारण तेवढ्यात सोफ्याखालून मनी बाहेर आली आणि बंड्याच्या पोटाशी वेटोळं करून झोपली. दवाखान्यात काकू मांजराबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मी विचारलंही नव्हतं, ही माझी चूक. फिप्रोनिलबरोबर परमेथ्रिन असलेली कुत्र्यांची पिपेट माझ्या मनात होती, कारण ती गोचिडीला चावण्याआधीच हुसकावते. मनीला पाहून ती बाद केली. परमेथ्रिन मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. कुत्र्याची ओली पाठ चाटली तरी मांजर थरथरतं, झटके येतात. ज्या घरात मांजर कुत्र्याला बिलगून झोपतं तिथे मी परमेथ्रिन लिहीत नाही.

गळ्यात बांधायच्या औषधी पट्ट्याचाही विचार केला. इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा आठ महिने चालतो आणि मांजरांसाठीही वेगळा मिळतो. पण बंड्या दर रविवारी शाम्पूने अंघोळ करणारा, त्यात पट्ट्याचं आयुष्य घटतं. दूधवाल्याने आणून दिलेली अमिट्राझची बाटली कपाटावर होती, ती मी तिथल्या तिथे वेगळी काढायला लावली. गुरांसाठीचं हे १२.५ टक्क्यांचं द्रावण लिटरला मोजक्या मिलिलिटरने पातळ करायचं असतं. 'एक टोपण' या मापाने घातलं आणि कुत्र्याने अंग चाटलं की तो गुंगतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं, साखर चढते. आणि मांजराच्या तर जवळही न्यायचं नाही.

राहिली गोळी. ती कुत्र्याच्या पोटात, मनीच्या जिभेला लागायचा प्रश्न नाही, अंघोळ कधीही चालते. या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके असं होऊ शकतं. म्हणून आधी विचारलं, बंड्याला कधी झटका आलाय का? नाही. मग बारा आठवड्यांची की महिन्याची? कागदावर लांबची सोपी वाटते, पण ८४ दिवस कुणाच्या लक्षात राहतात? महिन्याची गोळी पेपरच्या बिलाबरोबर आठवते. शिवाय ही महिन्याची, अ‍ॅफॉक्सोलेनरची १३६ मिलिग्रॅमची गोळी २५ ते ५० किलोपर्यंत एकच, म्हणजे बंड्या दोन किलो वर-खाली झाला तरी डोस चुकत नाही. ४१.८ किलोला ती किलोमागे सव्वातीन मिलिग्रॅम पडते. हवेत किमान अडीच. पहिली गोळी त्याच रात्री, भात खाल्ल्यावर. मनीच्या केसांतला काळा भुगा ओल्या कापसावर घेतला, तर लालसर ओघळ उतरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तिला मांजरांच्या फिप्रोनिलची ०.५ मिलिची पिपेट दिली.

"मग बंड्याला गावी पाठवू का महिनाभर, घर साफ होईपर्यंत?"

उलट, त्याला इथेच राहू दे, असं मी सांगितलं. गोळी गोचिडीला हुसकावत नाही, चावल्यावर मारते. भिंतीतल्या उपाशी गोचिडी आज ना उद्या खाली उतरणारच, आणि मोठी गोचीड काही न खाता वर्षभरसुद्धा तग धरते. गोळी घेतलेला कुत्रा घरात असला की ती त्याच्यावर चढते, चावते आणि मरते. कुत्रा नसला तर ती वाट बघत बसते. त्यामुळे पुढचे सहा-आठ आठवडे अंगावर गोचीड दिसेल. दिसली की औषध बदलायला धावायचं नाही. चपटी, वाळलेली आहे की फुगलेली ते बघायचं. पिसवांचंही तसंच. अंगावर दिसतात त्या शंभरात पाच, बाकी अंडी, अळ्या आणि कोश गादीत नि सतरंजीत. कोशाला फवारणी लागत नाही, म्हणून ती पंधरा दिवसांनी पुन्हा करायची, गाद्या गरम पाण्यात धुवायच्या आणि सतरंजीवरून रोज व्हॅक्युम फिरवायचा.

भिंतींची फवारणी पेस्ट कंट्रोलवाल्याने केली, फटींत आणि चौकटींमागे, वरच्या अर्ध्या भिंतीवर जास्त. औषध परमेथ्रिनच्याच, पायरेथ्रॉइड गटातलं, त्यामुळे मनीला दोन दिवस काकूंच्या बहिणीकडे ठेवलं, भिंती पूर्ण वाळेपर्यंत. मग गवंड्याने व्हाइट सिमेंटने फटी भरल्या.

तिसऱ्या दिवशी बंड्याचा ताप उतरला. दहाव्या दिवशी प्लेटलेट १ लाख ९२ हजार. काकूंनी काडेपेटीत गोचिडी जमवून आणल्या होत्या, अकरा, सगळ्या कागदासारख्या वाळलेल्या. १ जुलैला गोळी घ्यायला आल्या तेव्हा मला वाटलं ही दुसरीच. मी म्हटलं, ही जूनमध्येच हवी होती, २३ तारखेला. त्यांनी मोबाइल पुढे केला. दुसरी २३ जूनला दिली होती, जेवणानंतर, फोटोसकट. ही पुढची, जुलैची होती.

फोटो अजून भिंतीवर गेलेला नाही. मागचा खाकी कागद काढून काकूंनी तिथे प्लास्टिकचा पत्रा बसवून घेतलाय, आणि दोन्ही खिळे भिंतीपासून बोटभर बाहेर ठोकायचे, म्हणजे मागे टॉर्च जाईल, असं सुताराला सांगून ठेवलंय.